क्लच सोडला की मागून 'खडाक्'. क्रॉस बदलून झाले, आता हौजिंग उघडायचं का?

घाटवाट
नमस्कार मंडळी. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, पाट्यांवरची (मागे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग असलेली) डिझेल सात सीटर. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मा धागा "ही घ्यायलाच नको होती" यातच संपेल. पाटण भागात माझी रोपवाटिका आहे. गाडी घरची आणि धंद्याचीही. मागच्या सीटा दुमडायच्या, रोपांचे ट्रे आणि मातीच्या पिशव्या भरायच्या आणि कुंभार्ली घाटातून चिपळूण गाठायचं.

त्रास असा आहे. पहिल्यात टाकून क्लच सोडला की मागून एकदाच 'खडाक्'. रिव्हर्स टाकला की पुन्हा एकदा. घाट उतरताना दुसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की एक, दाबला की एक. एका चालीत गाडी चालली असेल तर अगदी शांत. बायको म्हणते मागच्या मागे कुणीतरी मोगरी आपटतंय.

गॅरेजवाल्यानं प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा) दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे वाकते सांधे, बदलले. आवाज थोडा मवाळ झाला, गेला नाही. आता तो म्हणतो हौजिंग (मागच्या अ‍ॅक्सलचा डबा) गेलंय, आतला क्राउन-पिनियनचा, म्हणजे दातेरी चाकांचा, सेट टाकावा लागेल. क्रॉसचं काम शेकड्यांत झालं होतं, हे हजारोंत जाणार. टाकू का?

चहा_आणि_चर्चा
वाचतोय. बूड टेकून बसलो आहे.

दे_दणका
क्राउन-पिनियनच. डोळे झाकून टाका. आमच्या मामांच्या गाडीला सेम आवाज होता, सेट टाकला, गप्प झाली. उगाच इथं विचारत बसाल आणि घाटात हौजिंग फुटेल.

पानापक्कड
डोळे झाकून हजारोंचं काम करायचं असेल तर धाग्याची गरजच नाही. (गॅरेज होतं माझं. आता मुलगा बघतो, मी खुर्चीवर बसून चुका काढतो.)

घाटवाट, आधी एवढं सांगा. चालत्या गाडीत मागून घूं असा आवाज येतो का, आणि पाय दाबल्या-सोडल्यावर त्याचा सूर बदलतो का? हौजिंगच्या तोंडाशी ऑइल दिसतं का? शाफ्ट एकसंध आहे की मध्ये बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीच्या खालच्या बाजूला शेवटचं काम कुठलं झालं होतं? टायर, ब्रेक, पाटे, काहीही.

घाटवाट
घूं वगैरे काही नाही. हौजिंगचं तोंड कोरडं आहे. शाफ्ट एकसंध, गिअरबॉक्सच्या बाजूला सरकता जॉइंट. काम म्हणाल तर पावसाळ्याआधी मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला. माल भरला की बूड टेकत होतं. पाटेवाला वेगळा, गॅरेजवाला वेगळा. आवाज पावसाळ्यात कधीतरी सुरू झाला. पण पाटा वाढवल्यावर लगेच नव्हता, म्हणून तो संबंध मी धरला नाही.

पानापक्कड
बरं. आता जरा सविस्तर लिहितो, कारण "मागून आवाज" म्हणून येणाऱ्या गाड्यांचं निम्मं निदान आवाज कधी येतो यावरच होतं. हात काळे करायची वेळ नंतर येते.

तुमचा आवाज एकदाच येतो, आणि ताकदीची दिशा पलटली की येतो. म्हणजे कुठेतरी ढिलाई आहे. ताकद एका बाजूला असेपर्यंत ती ढिलाई एका अंगाला दाबलेली असते, उलटली की दुसऱ्या अंगावर जाऊन आदळते. बेअरिंग गेलं असतं तर आवाज सतत आला असता. क्राउन-पिनियनचे दात खाल्ले असते तर घूं किंवा गुरगुर ऐकू आली असती, तीही पाय दाबला-सोडला की बदलणारी. नुसता खडाक् ऐकून हौजिंग उघडायला सांगणाऱ्याला आधी विचारा, "प्ले (ढिलाई) मोजलात का?"

ढिलाई कुठं कुठं असू शकते? इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट, सरकत्या जॉइंटच्या खाचा, दोन्ही क्रॉस, पिनियन, आतले स्टार पिनियन (दोन चाकांत ताकद वाटणारी छोटी दातेरी चाकं), अ‍ॅक्सलच्या खाचा. लोक इथंच थांबतात. पण हे सगळं ज्याच्यावर बसवलंय ते हौजिंगच पाट्यावर नीट घट्ट बसलेलं नसेल तर? आवाज अगदी असाच येतो.

आता खडूची परीक्षा. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. मागची चाकं टेकलेली, सगळ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक घट्ट, गाडी न्यूट्रल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, ही एक गोष्ट मी कुणाशीही वाद न घालता सांगतो. हौजिंगच्या तोंडाशी जी फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आहे तिच्यावरून शाफ्टच्या टोकापर्यंत खडूची सरळ रेघ मारा. शाफ्ट हातानं दोन्हीकडे फिरवा. रेघ मध्येच तुटली, म्हणजे शाफ्ट फिरला आणि फ्लँज जागेवर, तर क्रॉसमध्ये प्ले. रेघ अखंड राहून दोन्ही मिळून थोडं फिरलं तर तो हौजिंगच्या आतला प्ले. हेच पुढच्या टोकाला करा, आणि शाफ्ट तिथं वरखाली उचलूनही बघा.

आणि ऐका. आतला थोडा प्ले असायलाच हवा. क्राउन-पिनियनच्या दातांत साधारण ०.१ ते ०.२ मिमी अंतर ठेवूनच सेट बसवतात, नाहीतर गरम झाल्यावर दात एकमेकांना चिकटतील. त्यात स्टार पिनियनचं आणि अ‍ॅक्सलच्या खाचांचं मिळून फ्लँजवर काही अंश हाताला लागतात. नवीन माणसाला ते बघून धडकीच भरते. "हौजिंग गेलं" हे निदान पुष्कळदा एवढ्यावरच होतं.

जुने क्रॉस जपून ठेवलेत का?

घाटवाट
हो, डिकीत पडलेत. एकाच्या वाटीत लाल भुकटी आहे, सुया कोरड्या. दुसरा मात्र हातात घेऊन फिरवला तर गुळगुळीत फिरतो.

पानापक्कड
लाल भुकटी म्हणजे ग्रीस संपून आत गंज दळला गेलाय. तो क्रॉस बदलला ते बरोबरच. दुसरा बळी गेला. आवाज मवाळ का झाला तेही कळलं: दोन ठिकाणची ढिलाई होती, एक गेली.

अंशांत_मोजा
पानापक्कड यांच्याशी सहमत. थोडी गणिती भर घालतो.

ताल मोजणं ही फुकटची तपासणी आहे. २१५/७५ आर १५ टायर धरला तर चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी १० किमीला चाक सेकंदाला सव्वा फेरा घेतं. हौजिंगचं गुणोत्तर चारच्या आसपास असेल तर शाफ्ट त्याच वेळात पाच फेरे घेतो. म्हणून रिकाम्या मैदानात अगदी हळू चालवून कान द्या. 'टक्... टक्...' असा सावकाश ताल असेल तर चाक, ड्रम, अ‍ॅक्सल यांच्याकडे बघायचं. त्याच्या चौपट घाईचा 'टकटकटक' किंवा चिवचिवाट असेल तर शाफ्ट किंवा क्रॉस. आणि फेऱ्याशी काही देणंघेणंच नसेल, नुसतं पायाशी असेल, तर फिरणाऱ्या भागांपेक्षा धरून ठेवणाऱ्या भागांवर संशय घ्यायचा. घाटवाट यांचं वर्णन तिसऱ्या प्रकारात बसतं.

दुसरं, पाटा वाढवल्यानं गाडीचं बूड वर गेलं, म्हणजे शाफ्टचा उतार वाढला. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरताना एकसारख्या वेगानं फिरत नाही. पुढचा दांडा एकाच गतीनं फिरत असला तरी मागचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे राहतो. १० अंशाच्या कोनाला हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो, कोन वाढला की भराभर वाढतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि शाफ्टची दोन्ही टोकांची कानं (क्रॉस ज्यात बसतो ती) एका रेषेत असली तर एकानं केलेलं दुसरा निस्तरतो. म्हणून सरकता जॉइंट उघडण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर खूण करायची. एक खाच चुकवून बसवला तर खडाक् राहील बाजूला, साठच्या पुढे सीट थरथरायला लागेल.

जाता जाता: या जॉइंटला हूकचा जॉइंट असंही म्हणतात. शाळेत स्प्रिंगचा नियम शिकलो तोच सतराव्या शतकातला रॉबर्ट हूक. म्हणजे या धाग्यातले पाटे आणि क्रॉस, दोन्ही एकाच माणसाच्या हिशेबात जमा.

चहा_आणि_चर्चा
हूकला टॅग करा कुणीतरी.

दे_दणका
एवढं गणित कशाला? पिनियनचा नट ढिला झाला असेल. लांब पाइप लावून अर्धा आटा आवळा, आवाज बंद. कैक गाड्यांना केलंय.

पानापक्कड
दणकाभाऊ, हे कृपा करून कुणाला सांगू नका. पुष्कळ हौजिंगमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ नळी असते. नट आवळताना ती ठरल्याइतकी चेपते आणि त्यावर बेअरिंगचा दाब ठरतो. अर्धा आटा जास्त आवळला की ती आणखी चेपते, बेअरिंगवर नको तितका दाब येतो. नंतर नट सैल केला तरी नळी पुन्हा उभी राहत नाही. आवाज महिनाभर बंद राहतो हे खरं, मग बेअरिंग भाजतं आणि पिनियन दात घेऊन जातं. नट खरंच ढिला निघाला तर हौजिंग खोलून, नवी नळी टाकून, दाब मोजूनच बसवायचं.

दे_दणका
बरं बाबा. तुम्ही मोठे.

राईनकाठचा_गडी
इकडे जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी सक्तीची आहे. तिथं चाकाखालच्या लोखंडी पाट्या यंत्रानं डावीकडे-उजवीकडे हलवतात आणि तपासनीस खालून बॅटरी मारून कुठला सांधा हलतो ते बघतो. माझ्या मागच्या चाकांवरच्या सेडानला असाच टुक आवाज होता. तिथं पुढच्या टोकाला क्रॉसऐवजी रबराची जाड चकती असते, तिला भेगा पडल्या होत्या. ऐकून मी डिफरन्शियलची किंमतही काढून ठेवली होती.

तुमच्या गाडीत ती चकती नसेल, पण एक सुचवतो. मोबाइल कपड्यात गुंडाळून आत ठेवू नका, तारेनं चॅसीला नीट आवळा, कॅमेरा पाट्याच्या दिशेला करा आणि सावकाश पुढे-मागे घ्या. चित्रण संथ करून बघा.

पानापक्कड
मोबाइल पडला तर तुमच्याकडून वसूल करतील ते. त्यापेक्षा सोपं आहे. मोकळी, सपाट जागा. स्टिअरिंगवर क्लच नीट कळणारा माणूस. त्यानं ब्रेक गच्च दाबायचा, पहिला टाकायचा, क्लच जेमतेम धरेपर्यंत सोडायचा, परत दाबायचा. मग रिव्हर्सला तेच. तुम्ही गाडीच्या बाजूला, मागच्या चाकापासून हातभर लांब उकिडवे बसा. समोर किंवा मागे उभं राहायचं नाही, खाली तर अजिबात नाही. हौजिंगचं तोंड थोडं वर-खाली होईल, पाटा किंचित मुरडेल. ते सावकाश झालं तर ठीक. झटका बसून उडी मारल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी खडाक् आला, तर मला कळवा. दोन्ही बाजू बघा. क्लच भाजेपर्यंत करू नका, दोनचारदा पुरे.

घाटवाट
सगळं करून आलो. आधी खडू. मागचा क्रॉस अखंड, पुढचाही. हौजिंगच्या आतला प्ले आहे पण हाताला मऊ लागतो, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा नाही. सरकत्या जॉइंटला थोडी ढिलाई. ग्रीस मारलं, निपल बहुतेक कित्येक दिवस कुणी बघितलंच नव्हतं.

मग पुतण्याला स्टिअरिंगवर बसवलं. उजवी बाजू ठीक. डावीकडे मात्र क्लच धरला की हौजिंग पाट्याच्या खालून पुढे सरकतंय! डोळ्यांना दिसतं इतकं. रिव्हर्सला मागे, आणि दोन्ही वेळा खडाक्. जवळ जाऊन बॅटरी मारली (गाडी बंद करून, दगड लावून) तर पाटा जिथं हौजिंगच्या बैठकीवर बसतो तिथं चिखलाच्या मधून रुपयाएवढी जागा आरशासारखी चकाकतेय. बाकी सगळं गंजलेलं आणि तेवढंच चमकतंय.

पानापक्कड
झालं. सापडलं. बहुतेक सेंटर बोल्ट तुटलाय आणि यू-बोल्ट (पाटे आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळणारे) ढिले आहेत.

पाट्यांच्या मधोमध आरपार एक बोल्ट असतो. त्याचं डोकं हौजिंगच्या बैठकीतल्या भोकात बसतं, म्हणजे अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकत नाही. पण त्या बोल्टनं फक्त जागा दाखवायची असते. खरी पकड यू-बोल्टांची. यू-बोल्ट ढिले पडले की सगळा धक्का त्या बिचाऱ्या बोल्टवर येतो, आणि तो कातरला जातो.

गाडी आता घाटात नेऊ नका. जवळच्या जवळ हळू घेऊन जा. एका बाजूचा अ‍ॅक्सल मागे गेला तर गाडी तिरकी चालते, ब्रेक मारला की स्टिअरिंग ओढते आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. उघडताना मला दोन गोष्टी बघून सांगा: यू-बोल्ट नवे टाकले होते की जुनेच, आणि नटाच्या बाहेर किती आटे दिसतात.

चहा_आणि_चर्चा
आता खरंच रंगात आलंय.

घाटवाट
काम झालं. लिहायला वेळ लागला, आंब्याच्या कलमांची गडबड होती.

डावा सेंटर बोल्ट दोन तुकडे होऊन पडला. बैठकीचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. यू-बोल्ट जुनेच. पाटा वाढल्यानं थर जाड झाला आणि जुने बोल्ट आखूड पडले. नट कसाबसा भरला होता, आटा बाहेर एकही नाही. उजवीकडेही तेच, फक्त ते अजून धरून होते. पावसाळाभर माल आणि घाट, मग सुटणारच.

बैठकीचं भोक भरून पुन्हा पाडून घेतलं. दोन्ही बाजूंना लांब, नवे यू-बोल्ट, नवे नट, नवे सेंटर बोल्ट. वाढवलेला पाटा काढायचा की ठेवायचा यावर मिस्त्री आणि मी अर्धा तास बोललो, शेवटी ठेवला. खडाक् गेला. क्लच सोडताना अगदी हलकं 'टुक' राहिलंय, काच खाली केली तरच ऐकू येतं.

हौजिंग न उघडता वाचलेल्या पैशांत रोपवाटिकेची मोटर दुरुस्त झाली. पानापक्कड काका, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, हापूसची दोन कलमं पाठवतो.

अंशांत_मोजा
ते 'टुक' म्हणजे वर सांगितलेलं दातांतलं अंतर. राहू द्या. हौजिंगचं ऑइल कधी बदललंय? नसेल तर आता बदला. या दातांची जात अशी की ते एकमेकांवरून घासत फिरतात, म्हणून साधं ऑइल चालत नाही, जीएल-५ दर्जाचंच लागतं. बहुतेक अशा गाड्यांना ८० डब्ल्यू ९०, पण तुमच्या पुस्तकातला आकडा बघा. खालच्या बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा गाळ बोटांत चोळा. राखाडी, गुळगुळीत लगदा म्हणजे वयोमानानुसार झीज. चकचकीत कपच्या किंवा दाताचा तुकडा लागला तर मात्र दणकाभाऊंचा सल्ला ऐकायची वेळ आली.

दे_दणका
बघा, शेवटी आमच्यावरच आलात.

पानापक्कड
कलमं नकोत, मी चौथ्या मजल्यावर राहतो. आंबे लागले की आंबे पाठवा.

एक काम बाकी आहे. नवे यू-बोल्ट बसल्यावर पाटे एकमेकांवर दबतात, मधला गंज आणि रंग चेपतो, पकड सैल होते. काहीशे किलोमीटर झाले की पुन्हा आवळून घ्या. गाडी चाकांवर उभी असताना, आलटून पालटून, टॉर्क रेंचनं, पुस्तकातल्या आकड्याला. "पुरे झालं" म्हणेपर्यंत पाइप लावून नाही. तुमचा आवाज पाटा वाढवल्यावर लगेच न येता उशिरा आला तो याच कारणानं. आणि यू-बोल्ट एकदा काढले की परत वापरायचे नाहीत, ते ताणलेले असतात. पाटेवाला म्हणेल "चांगलेच आहेत की". ऐकू नका.

दुसरं, पाटा वाढवला म्हणून आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, अ‍ॅक्सल तोच. उतारावर लक्षात ठेवा.

नवी_सदस्या_पुणे
नमस्कार, सगळा धागा वाचला, छान माहिती. माझ्याही छोट्या हॅचबॅकला स्पीडब्रेकरवरून गेलं की मागून खडखड येते. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासून घेऊ का? गाडी पेट्रोल, पुढच्या चाकांवर चालणारी आहे.

पानापक्कड
ताई, तुमच्या गाडीला प्रोपेलर शाफ्ट नाहीच. कुणी क्रॉस बदलायचे पैसे मागितले तर आधी दाखवा म्हणावं. क्लच सोडताना येत नाही आणि फक्त उंचवट्यावर येते, म्हणजे शॉकपचे बुश, शॉकपचा वरचा माउंट किंवा सायलेन्सर टांगणारे रबर. पण त्याही आधी डिकीतला गालिचा उचला आणि स्टेपनीचा बोल्ट, जॅक आणि पाना जागेवर आवळलेले आहेत का बघा.

नवी_सदस्या_पुणे
स्टेपनी घट्ट आहे. पाना मोकळाच पडला होता, आणि त्याच्याबरोबर नारळ. पाना कापडात गुंडाळून ठेवला, नारळ घरात नेला. खडखड निम्मी कमी झाली. उरलेली उजव्या बाजूनं येते असं वाटतंय.

पानापक्कड
मग उजवा शॉकप. हात लावून बघा ऑइलनं ओला लागतो का, आणि वेगळा धागा काढा. इथं पाट्यांचं चाललंय.